शिट्टी मारायची की फुंकायची?

इंग्रजीच्या शब्दयाद्या घोकणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. सुटा शब्द पाठ करू नका, त्याचं गोत, म्हणजे त्याच्यासोबत येणारे शब्द, पाठ करा. पटत नसेल तर 'व्हिसल' घ्या. अर्थ काय? शिट्टी. झालं, संपलं. आणि वाक्य करायला बसलात की घोळ सुरू.

पंचाच्या गळ्यात असते ती 'ब्लो' करायची. ओठांनी वाजवली तर तिथे 'व्हिसल' हेच क्रियापद, आणि चाल वाजवली तर 'व्हिसल अ ट्यून'. किचकट वाटतं? आपणही शीळ घालतो, शिट्टी मारतो. 'शीळ मारली' म्हणून बघा, लगेच कानाला खटकेल.

विशेषणांत तर खरी गंमत. 'श्रिल' म्हणजे कर्कश, 'पिअर्सिंग' म्हणजे कानात घुसणारी. ही दोन सोपी. माझी लाडकी जोडी 'लो व्हिसल'. कादंबरीतलं पात्र भलामोठा आकडा ऐकतं आणि 'गिव्हज अ लो व्हिसल'. तिथे 'त्याने खालच्या पट्टीत शिट्टी वाजवली' असं लिहिलं की वाक्य मेलंच. ओठांतून हळूच सुटलेली, लांबत विरून जाणारी शिट्टी ती. मराठी माणूस त्या जागी 'बापरे!' म्हणेल. (अनुवादक मंडळी, ऐकताय ना?)

'वुल्फ व्हिसल' मात्र वेगळी. एक सूर वर चढतो, दुसरा वर जाऊन खाली घसरतो, आणि रोख बहुधा एखाद्या बाईकडे. तिला नुसती 'कौतुकाची शिट्टी' म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. नावातच लांडगा आहे, आणखी काय हवं?

इंग्रजीत वारा आणि बंदुकीची गोळीही 'व्हिसल' करतात. मराठीत वारा घोंघावतो, गोळी सूं करून कानाजवळून जाते. शिट्टीचं नाव नाही.

'डॉग व्हिसल' म्हणजे कुत्र्याला ऐकू येणारी, माणसाला न येणारी शिट्टी. तिचं मूळ इंग्लिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांच्या १८७६ च्या शिट्टीत. किती उंच सूर ऐकू येतो, ती मर्यादा तपासायला त्यांनी ती बनवली होती. आता राजकारणात हा शब्द, फक्त आपल्या गोटालाच कळेल अशा सूचक बोलण्याला लावतात. 'व्हिसल-स्टॉप टूर' गाजली ती अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांच्या १९४८ च्या प्रचारात, रेल्वेने गावोगाव थांबत केलेली.

आणि 'ब्लो द व्हिसल'ला 'ऑन' चिकटलं, की खेळाचा संबंधच सुटतो. कुणीतरी कुणाचा तरी गैरव्यवहार चव्हाट्यावर आणलेला असतो. एवढ्याशा 'ऑन'ने केलेला हा उद्योग कुठली शब्दयादी शिकवते, सांगा बरं.