दिसलं, पण ओळखलं नाही
सेन्सर वाढवले म्हणून स्वयंचलित (स्वतःच चालणारी) गाडी सुरक्षित होत नाही, हा अशा गाड्यांवरच्या लेखातल्या संशोधकांचा मुद्दा एकदम पटला. मार्च २०१८ मध्ये ॲरिझोनातल्या टेंपीत उबरच्या अशाच स्वयंचलित चाचणी गाडीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या बाईंना उडवलं. रडारला त्या बाई धडकेच्या तब्बल ५.६ सेकंद आधी दिसल्या होत्या! पण सॉफ्टवेअर त्यांना कधी वाहन म्हणे, कधी सायकल, कधी 'इतर काहीतरी'. ओळख बदलली की आधीचा माग पुसून पुन्हा श्रीगणेशा. झेब्रा क्रॉसिंग सोडून कुणी रस्त्यात येईल हे त्यात धरलेलंच नव्हतं (आपल्याकडे तर तोच रिवाज). वर त्या व्होल्वो गाडीतला मूळचा आपोआप लागणारा ब्रेकही चाचणीपुरता बंद ठेवलेला. आता यात लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) बिचारं काय करणार?