परक्या सर्व्हरवर ‘छैौ’

कुठला एडिटर (कोड लिहायचा प्रोग्राम) चांगला, हे प्रोग्रामरला विचारू नये. व्हीआय आणि ईमॅक्स हे दोन्ही एडिटर १९७६ चे. भांडणही जवळपास तेवढंच जुनं. विंडोजवाल्याचा जीव नोटपॅड-प्लस-प्लसमध्ये, आणि ते लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी निघतच नाही. माझं म्हणणं एवढंच, की आवडनिवड ही स्वतःच्या लॅपटॉपवरची चैन. परक्या सर्व्हरवर पानात पडेल ते खायचं, आणि तिथे बहुधा व्हीआयच पडतं.

क्रॉनटॅब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी, बदलायला ‘क्रॉनटॅब -ई’ म्हणावं, तर समोर बहुधा तेच. व्हीआय लिहिणाऱ्या बिल जॉयच्या एडीएम-३ए टर्मिनलवर बाण एच-जे-के-एल याच कळांवर छापलेले होते, म्हणून आजही खाली जायला ‘जे’. पण कॅप्स लॉक चुकून चालू असेल तर तोच ‘जे’ खालची ओळ उचलून वरच्या ओळीला चिकटवतो. क्रॉनटॅबमधल्या दोन कामांचं असं परस्पर लग्न लागलं, की दुसरं वेगळं चालतच नाही. (कॅप्स लॉक काढून ‘यू’ दाबा, काडीमोड होतो.) विंडोजच्या सवयीने कंट्रोल-एस दाबलं, तर जुन्या व्हीआयमध्ये सेव्ह होणं राहिलं बाजूला, टर्मिनलच (कमांड द्यायची खिडकी) गोठतं. कंट्रोल-क्यूने ते सुटतं, आणि मधल्या काळात संतापाने बडवलेल्या सगळ्या कळा एकदम अमलात येतात.

सेव्ह न करता बाहेर पडायचं तर एस्केप, कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर; सेव्ह करून पडायचं तर कोलन-डब्ल्यू-क्यू. मराठीत कॉमेंट लिहिणाऱ्या आम्हा मंडळींची पंचाईत इथे होते. इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड चालू राहिला, तर कोलन-डब्ल्यू-क्यूच्या जागी ‘छैौ’ जातं आणि व्हिम (व्हीआयचा सुधारित अवतार) ढिम्म हलत नाही. विंडोज-स्पेसने कीबोर्ड आधी इंग्रजी करा, मग एस्केप.

नोटपॅडचा छळ वेगळाच. त्यात लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर चालवली की ‘बॅड इंटरप्रिटर’. अहो, स्क्रिप्ट चालवणारा बॅश तर जागेवर आहे! पण पहिल्या ओळीच्या शेवटचा अदृश्य कॅरेज रिटर्न (ओळ संपल्याची विंडोजची खूण) तिथल्या बॅशच्या नावाला चिकटतो, आणि त्या जोडनावाचा प्रोग्राम कुठेच नसतो. युनिक्स-लिनक्सच्या, त्या खुणेशिवायच्या ओळी नोटपॅडला २०१८ मध्ये वाचता येऊ लागल्या. नवी फाइल मात्र ते अजून जुन्याच वळणाची करतं. इलाज पुन्हा व्हिमकडेच: ‘:सेट एफएफ=युनिक्स’ आणि सेव्ह.

शहाणी माणसं ‘एडिटर’ या सेटिंगमध्ये नॅनो हा सोपा एडिटर घालून मोकळी होतात. खाली मुख्य कळा लिहिलेल्या, सोय उत्तम. फक्त जुन्या नॅनोत शोधायला कंट्रोल-डब्ल्यू लागतं, आणि टर्मिनल ब्राउझरमध्ये उघडलेलं असेल तर शब्द सापडायच्या आत टॅबच बंद होतो.