भिंतीवर चढू नका म्हटलं तर एवढं का झोंबतं?

शेजारून चांगली पायवाट आहे. रुंद, हिरवीगार. तरीही भिंतीवरच चढायचं!

इंग्लंडच्या उत्तरेला हेड्रियनची भिंत, म्हणजे रोमन सम्राट हेड्रियननं बांधून घेतलेली दगडी भिंत, बघायला आम्ही सगळे मिळून गेलो. मुलं, नवरा, दीर, जाऊ. स्टील रिगपासून हाउसस्टेड्सच्या रोमन किल्ल्यापर्यंत चालायचं ठरलं. मुलांना मी आधीच सांगून ठेवलं होतं की भिंतीला हात लावा, पण वर पाय ठेवायचा नाही. माझ्या आठ वर्षांच्या लेकीनं अख्ख्या वाटेत तो शब्द पाळला. आणि आमचे भावजी पहिल्याच चढाला टुणकन वर! दोन्ही हात पसरून, 'वहिनी, फोटो काढा!'

मी म्हटलं, 'खाली उतरा.' तर म्हणे, 'दोन हजार वर्षं उभी आहे, माझ्यानं पडणार आहे का?'

या एका वाक्यानं माझं डोकं फिरतं. अहो, उभी कुठे आहे? इ.स. 122 मध्ये बांधायला घेतलेली भिंत जवळजवळ 117 किलोमीटर होती, आता जमिनीवर दिसते ती तुकड्या-तुकड्यांत. शेकडो वर्षं लोकांनी दगड काढून नेले, घरांना, गोठ्यांना, चर्चला लावले. अठराव्या शतकात तर सैन्याचा रस्ता करताना मैलोन् मैल भिंत सपाट केली. आणि आम्ही जिथे होतो, तिथला बराचसा भाग एकोणिसाव्या शतकात जॉन क्लेटन नावाच्या माणसानं पडलेले दगड गोळा करून पुन्हा रचवून घेतला. चुना न घालता, नुसते एकावर एक! वर गवताची ढेकळं. त्या ढेकळांवर बूट घासले की माती सुटते, पाणी आत मुरतं, मग दगड निखळतात. प्रत्येक जण 'मी एकटाच' म्हणत चढतो. त्या दिवशी आमच्यासमोर किती 'एकटे' चढले, मोजायचे सोडून दिले मी.

तिथे तर पायवाटेवरसुद्धा एका रांगेत चालू नका, शेजारी शेजारी चाला म्हणजे गवत झिजणार नाही, अशी विनंती करतात. गवताची एवढी काळजी, आणि हे भिंतीवर नाचतात!

सिकॅमोर गॅप नावाच्या खिंडीपाशी मी गप्प झाले. तिथे भिंतीलगत एक प्रसिद्ध सिकॅमोर झाड होतं; सप्टेंबर 2023 मध्ये रात्रीतून कापलेल्या त्या झाडाचं खोड पाहून भावजी हळहळले. 'काय लोक असतात!' म्हणाले. ते झाड पडलं तेव्हा भिंतीलाही मार बसला होता, हे मी सांगितलं. पुढच्या चढाला साहेब पुन्हा वर. जाऊबाई हसत होत्या, नवरा म्हणाला, 'जाऊ दे ना, सहलीला आलोय.' म्हणजे सहल नासवली ती मी!

सगळ्यात चीड कशाची आली सांगू? हाउसस्टेड्सच्या अलीकडे झाडीत एक छोटासा टप्पा आहे, तिथे भिंतीवरून चालायची रीतसर परवानगी आहे. मी मुलांना तिथे वर नेलं. लेक इतकी खूश झाली! आणि भावजी? खाली पायवाटेवरून, फोनमध्ये डोकं घालून. फोटो टाकत होते.

घरच्या ग्रुपवर तो हात पसरलेला फोटो आहे. 'काढा तो,' असं लिहून चार दिवस झाले. खाली अंगठ्यांची रांग वाढतेय, फोटो तिथेच आहे.