बोटिंग, भेळ आणि वरपक्ष

पूर्वीच्या लग्नात मुलीच्या मामाला हमखास दोन कामं असायची. रुसलेल्यांची समजूत काढायची, आणि गुरुजींनी माइकवरून 'मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं' असं म्हटलं की भाचीला बोहल्यापर्यंत आणायचं. सईच्या लग्नात दुसरं काम फुलांच्या चादरीने खाल्लं. चादरीचे चार कोपरे धरायला चार चुलतभाऊ, पुढे ढोल, वर ड्रोन. यात मामा कुठे बसवायचा हा इव्हेंटवाल्यांना पडलेला प्रश्न होता आणि त्यांनी तो मला न बसवून सोडवला.

लग्न महाबळेश्वरला, वेण्णा तलावाच्या काठच्या एका हॉटेलात, डिसेंबरात. मी फारच मोकळा दिसू लागलो तेव्हा ताईने एक काम दिलं. पाहुण्यांच्या खोलीत ठेवायला एक पत्रक हवं होतं : आसपास काय पाहावं, कुठे खावं. "तुला तिथलं सगळं माहीत आहे," ती म्हणाली. हे खरं आहे. माझी उभी नोकरी साताऱ्यात झाली. साताऱ्यात बिऱ्हाड असलेल्या माणसाकडे मे महिन्यात येणारा प्रत्येक पाहुणा 'सहज, तुम्हाला भेटायला' आलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला गाडीशेजारी टोपी घालून उभा असतो.

पहिला मसुदा मी मन लावून लिहिला. हा तलाव नैसर्गिक नाही, साताऱ्याच्या छत्रपती आप्पासाहेब महाराजांनी १८४२ साली बांधवून घेतला, इथपासून सुरुवात. मग विल्सन पॉइंट, इथला सगळ्यांत उंच, १४३९ मीटर, सूर्योदयासाठी. क्षेत्र महाबळेश्वरचं पंचगंगा मंदिर, जिथे कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांचं पाणी एका गोमुखातून पडतं. प्रतापगड, बांधकाम १६५६. सईने फोनवर वाचून पाठवलं, "मामा, मस्तच! पण इतिहास कमी कर ना. हिडन जेम्स टाक." डिसेंबरातल्या शनिवारी महाबळेश्वरात लपलेलं काही राहू शकतं, यावर फक्त पुण्याबाहेर शिकलेल्या मुलीचाच विश्वास बसेल. तिथल्या माकडांनासुद्धा कुठल्या पॉइंटवर किती वाजता कोणते वेफर्स येतात ते पाठ आहे. तरी मी मांघर टाकलं, २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालेलं. पुस्तकांचं गाव भिलारही टाकलं. भिलारच्या घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत आणि कुणीही बसून वाचू शकतं. यावर मुलाकडच्या एका काकांचा प्रश्न आला : "वाचून झाल्यावर तिथे करायचं काय?"

मग ताईने मसुदा हातात घेतला. तिच्याजवळ लाल पेन होतं.

"प्रतापगड? बापूकाकांचे गुडघे?" गेला. "सूर्योदय? आदल्या रात्री संगीत आहे, पहाटे साडेपाचला कोण उठणार? आणि उठले तर दहा वाजता हळदीला डुलक्या कोण काढणार?" विल्सन पॉइंट गेला. तापोळ्याला कोयनेच्या फुगवट्यावर, शिवसागर जलाशयात, सुंदर बोटी असतात. पण तिकडचा रस्ता वळणांचा, आणि सुलूआत्याला वळण सोसत नाही. तिला पसरणीचा घाट चढवून आणायलाच एका हातात लिंबू, दुसऱ्या हातात आवळा सुपारी आणि पायाशी पिशवी असा बंदोबस्त करावा लागला होता. पाचगणीचं टेबललँड सपाट आहे म्हणून वाचेल असं वाटलं, पण तिथे घोडे असतात, आणि घोडे असतील तिथे आमचे नानासाहेब घोड्यावर बसतातच. मागच्या वेळी बसले ते उतरवायला दोन माणसं लागली होती.

एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं की आपण ठिकाणांची यादी करतोय असं वाटत असलं तरी कागदावर नातेवाइकांची यादी होतेय. दरी, धबधबा, किल्ला हे नुसतं निमित्त. खरा भूगोल म्हणजे कुणाला जिने चालत नाहीत, कुणाला दर दीड तासाने चहा लागतो आणि कोण कुणाच्या गाडीत बसणार नाही. या शेवटच्या कलमात महाबळेश्वरने मला मोठी मदत केली. आमच्या दोन मेहुण्यांचं एका बांधावरून गेली कित्येक वर्षं बोलणं नाही. एकाच्या पत्रकात मी सूर्यास्तासाठी बॉम्बे पॉइंट लिहिला आणि दुसऱ्याच्या पत्रकात ऑर्थर सीट. दोन्ही गावाच्या विरुद्ध टोकांना. इंग्रजांनी हे पॉइंट शोधताना आमच्या घराण्याचा विचार केला नसेल, पण सोय उत्तम झाली. ऑर्थर सीटवरून बाटलीचं टोपण दरीत टाकलं तर वाऱ्याने परत वर येतं, हे त्या मेहुण्यांना फार आवडलं. दिलेली वस्तू परत येणं ही त्यांच्यासाठी नवलाचीच गोष्ट.

खाण्याचं प्रकरण याहून नाजूक. मी बाजारपेठेतल्या गुजराती थाळ्या लिहिल्या. तिथे फिरायला येणारं गुजराती गिऱ्हाईक इतकं आहे की फरसाण आणि गोड डाळ हेच स्थानिक जेवण म्हणायला हरकत नाही. ताईने त्यावरही लाल रेघ ओढली. "माणशी प्लेटचे पैसे भरलेत. बाहेर जेवून आले तर आपलं कोण जेवणार?" म्हणजे पाहुण्यांना खायला सुचवायचं, पण त्यांचं पोट भरेल असं नाही, आणि तेही दुपारचं जेवण जिरल्यावर नि रात्रीचं मांडण्याआधी. अशा अटीत बसणारा एकच प्रांत उरला : तलावाच्या काठच्या गाड्या. भाजलेलं कणीस, कॉर्न पॅटिस, रगडा, भेळ, लाल मुळे, गाजरं. आणि अर्थात स्ट्रॉबेरी विथ क्रीम. गुरेघरला मॅप्रो गार्डनमध्ये सरबतं आधी चाखायला मिळतात, हेही लिहिलं. ते वाचून आमच्या मंडळींनी तिथे दोन फेऱ्या केल्या आणि सगळी सरबतं चाखली. विकत काय घेतलं ते विचारू नका.

त्यात पाहुणे यायचे तो गुरुवार निघाला. मार्गशीर्षातला. निम्म्या बायकांचा उपास, घट मांडायचा म्हणून एका आजींनी हॉटेलच्या रिसेप्शनवर पाच प्रकारची पानं मागितली, आणि माझ्या फोनवर एकच प्रश्न घोळू लागला : स्ट्रॉबेरी उपासाला चालते का? एक पक्ष म्हणे फळ आहे, चालते. दुसरा म्हणे परदेशी आहे, चालत नाही. मी सांगून पाहिलं की बटाटा परदेशीच आहे, आणि ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा होतो तो थेट दक्षिण अमेरिकेतला. उलट महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० पासून भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे कागदोपत्री ती साबुदाण्यापेक्षा जास्त मराठी. माझं म्हणणं कुणी ऐकलं नाही. शेवटी आजींनी निकाल दिला, "चालते. पण साखर नको, सैंधव लावून खा." त्या दिवशी तलावाकाठच्या गाडीवाल्याने आयुष्यात प्रथमच स्ट्रॉबेरीबरोबर सैंधव मागणारं गिऱ्हाईक पाहिलं असावं.

दुसरीकडे तरुण भाच्यांची टोळी मला खांबाआड गाठून विचारत होती, "मामा, पत्रकात लिहू नका, नुसतं सांगा. चिकन कुठे?"

वरपक्ष नागपूरचा. माणसं गोड, पण त्यांना कशाचंच नवल वाटत नाही. थंडीच्या लाटेत वेण्णेच्या काठावर दवाचे हिमकण होतात, बोटींवर पांढरा थर दिसतो, वर्तमानपत्रांत फोटो येतात. ही माहिती मी पत्रकात चौकट करून दिली होती. मुलाचे काका म्हणाले, "नागपुरात डिसेंबरात याहून जास्त थंडी असते." नाश्त्याला पोहे आले. "पोहे छान आहेत. तर्री कुठंय?" लिंगमळ्याचा धबधबा पाहून आले. "पाणी कमी वाटलं." इथे पावसाळ्यात साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो डिसेंबरात पुरवून ठेवता येत नाही, हे मी त्यांना नम्रपणे सांगितलं. ते म्हणाले, "ठेवायला हवा." पत्रकातली एकच सूचना त्यांनी मनावर घेतली : स्ट्रॉबेरीचा खोका घेताना खालचा थर बघून घ्या, वर मोठी फळं रचतात नि खाली बारकी.

लग्नाचा मुहूर्त सकाळी अकरा चाळीसचा. सव्वाअकराला चादर तयार, ड्रोन तयार, नवरदेव घोड्यावरून उतरलेला, आणि वरपक्षाच्या खुर्च्या मोकळ्या. ताईने माझ्याकडे पाहिलं. मी तलावाकडे पाहिलं. पाण्याच्या मधोमध, पायाने चालवायच्या रांगेतल्या चार बोटींत, फेटे दिसत होते.

आम्ही काठावरून हाका मारल्या. काकांनी हात हलवून प्रेमाने उत्तर दिलं. बोटवाल्या पोराला विचारलं तर तो म्हणाला, अर्ध्या तासाची पावती फाडलीय, अजून वेळ आहे. माइकवरून बोलावलं. पाण्यावरून आवाज स्पष्ट पोचला असावा, कारण काकांनी तोंडाजवळ हात धरून ओरडून कळवलं, "पैसे भरलेत!" गुरुजींनी घड्याळ दाखवलं आणि अंतरपाट धरला. पहिलं मंगलाष्टक सुरू झालं तशा चारही बोटी वळल्या. आता ते पाय मारू लागले, पण ऐन थंडीत, शेरवानीत, नागपूरहून रेल्वेने आलेली पन्नाशीतली माणसं किती मारणार? दुसऱ्या मंगलाष्टकाला बोटी तलावाच्या मध्यातच होत्या. 'शुभमंगल सावधान'ला काकू उभ्या राहू लागल्या आणि बोटवाला काठावरून "बसा, बसा!" असं ओरडला, ते माइकमध्ये गेलं. नवरा-नवरीही दचकून खाली बसले. अक्षतांच्या पुड्या बोटीतल्यांच्या खिशात होत्याच. त्या त्यांनी तिथूनच टाकल्या. पाखरांची आणि माशांची सोय झाली. ड्रोनवाल्याने मांडव सोडून सगळं चित्रण तलावाचं केलं, आणि सईला तेच सगळ्यांत जास्त आवडलं.

पंगतीला काका माझ्याशेजारी बसले. मला वाटलं दिलगिरी. त्यांनी खिशातून बोटीची पावती काढून पानाशेजारी ठेवली. मंगलाष्टकांमुळे बोट लवकर काठाला लावावी लागली, सात मिनिटं वाया गेली, आणि बोटिंगचं पत्रकात मुलीच्या मामांनी लिहिलेलं आहे. तेव्हा तुम्हीच बघा.

मी उठून गाडीतून स्ट्रॉबेरीचा एक खोका आणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी आभार मानले, झाकण काढलं आणि खालचा थर बघितला.