कुपीवरचा छोटा चौकोन

लसीकरणाचा विषय निघाला की आपण शास्त्रज्ञांची नावं घेतो. घ्यायलाच हवीत. पण गोवराची लस १९६३ मध्ये आली, त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताची लस) तर त्याच्याही कितीतरी आधी. तरी १९७४ साली जागतिक आरोग्य संघटनेनं विस्तारित लसीकरण कार्यक्रम सुरू केला, तेव्हा जगातल्या शंभरातल्या पाच बाळांनाही या लसी मिळत नव्हत्या. लस तयार होती आणि मुलं गोवरानं जात होती! याचा मला आजही राग येतो.

१९९० पर्यंत त्रिगुणीचा तिसरा डोस चारातल्या तीन बाळांपर्यंत पोचला. जग तिसराच डोस मोजतं, ते बरोबरच आहे. आई बाळाला घेऊन तीनदा यायला हवी आणि तिन्ही वेळा कुपी तिथं हवी, तीही चांगल्या अवस्थेत.

त्या कुपीकडे कधी नीट बघा. लेबलवर एक जांभळं वर्तुळ असतं, आत फिकट चौकोन. उष्णता लागत जाते तसा चौकोन गडद होतो. तो वर्तुळाच्या रंगाला भिडला की कुपी फेकायची. १९९६ मध्ये पोलिओच्या लसीवर हा चौकोन आला. वीज नसलेल्या ठिकाणी, डबा खांद्याला लावून मैलोनमैल चालणाऱ्या आरोग्यसेविकेला लस चांगली आहे की नाही हे नुसत्या नजरेनं कळू लागलं. माझ्या लेखी हा शोध एखाद्या नव्या लसीइतकाच मोठा आहे.

पन्नास वर्षांत लसींनी १५ कोटी ४० लाख जीव वाचवले असा अंदाज आहे, त्यातले नऊ कोटींहून जास्त एकट्या गोवराच्या लसीनं.

पण गेली कित्येक वर्षं त्रिगुणीच्या तिसऱ्या डोसाची गाडी ८५ टक्क्यांच्या आसपासच अडली आहे. गोवराची साथ रोखायला तर ९५ टक्के मुलांना लस मिळावी लागते. पॅसिफिक महासागरातल्या सामोआत लसीकरण घसरलं आणि २०१९ मध्ये दोन लाख वस्तीच्या त्या देशात गोवरानं ८३ जण गेले, बहुतेक पाच वर्षांच्या आतली लेकरं.

२०२४ मध्ये १ कोटी ४३ लाख बाळांना एकही डोस मिळाला नाही. त्यातली निम्मी युद्धानं किंवा अस्थिरतेनं पोखरलेल्या देशांतली आहेत. तिथं काही करता येत नाही, असं कुणी म्हटलं की मला मध्य अमेरिकेतला एल साल्वादोर आठवतो. १९८५ मध्ये, ऐन यादवीत, सरकार आणि बंडखोर दोघांनीही लसीकरणासाठी तीन दिवस बंदुका खाली ठेवल्या होत्या. सुदानमधल्या बाळांसाठीही मला तेवढेच तीन दिवस हवे आहेत.