प्रतिक्रियेला उत्तर : पेशी गिळते म्हणजे गिळतेच

नमस्कार. आतड्याच्या अस्तराची पेशी साल्मोनेलासारख्या (टायफॉइड, जुलाब करणाऱ्या) जंतूला स्वतःच गिळते, असं मी माझ्या लेखात लिहिलं होतं. त्यावर आपली प्रतिक्रिया आली.

‘आतड्याच्या अस्तराची पेशी म्हणजे पांढरी पेशी नव्हे. ती जंतू गिळते हे हास्यास्पद आहे, साल्मोनेला भोक पाडून शिरतो. डॉक्टर नसाल तर असलं लिहू नका,’ असं आपण लिहिलंत. मतभेदाचं मला वावडं नाही. पण ‘हास्यास्पद’? टोपणनावाआड बसलं की जोर बरा येतो.

लेखातले परिच्छेद लांबले होते, एवढं मान्य.

आता ते भोक. साल्मोनेलाकडे सुईसारखी यंत्रणा असते आणि तिच्या टोकाशी पेशीच्या पटलाला (बाहेरच्या आवरणाला) छिद्र पडतं, इथवर ठीक. पण त्या सुईची पोकळी 2-3 नॅनोमीटर आणि जंतूची जाडी शेकडो नॅनोमीटर. इंजेक्शनच्या सुईतून नारळ जाईल का हो? आत जातात ती फक्त प्रथिनं. त्यातली सॉप-ई, सॉप-बी ही पेशीच्याच सांगाड्यातल्या अ‍ॅक्टिनला कामाला लावतात, पटलाला झालरी फुटतात आणि त्या जंतूला कवेत घेऊन आत ओढतात. सायटोकॅलेसिन हे रसायन घालून अ‍ॅक्टिनची बांधणी थांबवा, सुई शाबूत असूनही जंतू बाहेरच राहतो. नुसत्या भोकाने भागत असतं तर तो अडला का?

येर्सिनिया या आतड्याच्या दुसऱ्या जंतूच्या इन्व्हेसिन प्रथिनाला तर सुईही लागत नाही. 1985 मध्ये इस्बर्ग आणि फॅल्को या संशोधकांनी येर्सिनियाचा हे प्रथिन बनवणारा एक जनुकीय तुकडा निरुपद्रवी ई. कोलायमध्ये घातला आणि तो गरीब जीवही पेशींत शिरू लागला. ज्या पेशीत तो शिरला ती पांढरी नव्हती, हे आपल्यासाठी मुद्दाम सांगतो.

डॉक्टर नाही मी. मिरजेत लॅब टेक्निशियन म्हणून उभी नोकरी काढली. टायफॉइडच्या विडाल तपासणीच्या नळ्या, जंतू वाढवायच्या मॅकॉन्कीच्या प्लेटा, 2019 च्या महापुरानंतर आलेले जुलाबाचे नमुने. रिपोर्टवर सही डॉक्टरांची असायची, प्लेट वाचलेली माझी. आपण शेवटची प्लेट कधी पाहिलीत?

लिस्टेरिया या जंतूचं इंटर्नलिन-ए हे प्रथिन उंदराच्या पेशीवरच्या ई-कॅडहेरिन या प्रथिनाला नीट चिकटत नाही, मग उंदरांवरचे प्रयोग माणसाला कसे लावता, असंही आपण विचारलंय. असेल. प्राथमिक लेखात सगळंच कोंबता येत नाही.

पुढचा लेख आमांश करणाऱ्या शिगेलावर. ती आतड्याच्या अस्तरातल्याच एम नावाच्या खास पेशींतून पलीकडे उतरते आणि अस्तराच्या पेशीत मागच्या बाजूने शिरते. तेव्हा तरी आधी शेवटपर्यंत वाचा, मग कळफलकाला हात लावा.