खुलासा: पोट लहान म्हणजे बाळ सुकलं, असं नाही

गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतंय: ‘३० व्या आठवड्यात पोट ३० सेंटिमीटर भरलं नाही, तर बाळ सुकलं.’ हे चूक आहे. उपकेंद्रातल्या सिस्टर टेप लावतात ती ओटीपोटाखालच्या हाडापासून गर्भपिशवीच्या वरच्या टोकापर्यंत. पोटाचा घेर नव्हे. साधारण २४ आठवड्यांनंतर हा आकडा आठवड्यांच्या आसपास येतो, दोन सेंटिमीटर इकडेतिकडे चालतं. बाळ आडवं असलं, लघवी तुंबली असली तरी फरक पडतो. खरं बघायचं ते दर तपासणीला माप वाढतंय का. माप वाढायचं थांबलं तर डॉक्टर सोनोग्राफी सांगतात. शेजारणीनं नजरेनं काढलेलं माप सोडून द्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी असते. पण बाळाची हालचाल कमी वाटली, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी आशाताईंना घेऊन दवाखाना गाठा.